संगीतोपचार, शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांसाठी

दीर्घकाल आजारी, अपंग वा वृद्ध व्यक्तीची घरी शुश्रूषा करणाऱ्या आप्तांचा मानसिक ताण हलका करण्यासाठी प्रशिक्षित तज्ञाच्या मार्गदर्शनाने केलेला संगीताचा योजनापूर्वक उपयोग. संगीत ऐकणे, गाणे, वाद्य वाजविणे, गीत रचणे व संगीताच्या साथीने शरीर शिथिल करणे हे त्याचे प्रमुख प्रकार होत.

गायनाने कष्ट सुसह्य होतात, हा अनुभव जुनाच आहे. महाराष्ट्रातील स्त्रियांनी जात्यावरील ओव्यांतून संसारातील व्यथा बोलून दाखविल्या. व्यवसाय म्हणून संगीतोपचाराचा विकास मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत, जखमी सैनिकांच्या रुग्णालयांतील अनुभवांतून झाला. मिशिगन राज्य महाविद्यालयात १९४४ मध्ये त्याचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. कॅनझस विद्यापीठात इ. थेअर गॅस्टन (१९०१–७०) यांनी त्यास शास्त्रीय बैठक दिली आणि १९५० मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. या कालखंडात लक्ष रुग्णावरच केंद्रित होते. त्याच्या उशाशी बसणाऱ्याचा विचार क्वचितच होई.

ही दृष्टी बदलण्यास मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेची चळवळ कारणीभूत झाली. सिसिली साँडर्स (१९१८–२००५) यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर शुश्रूषागृह सुरू केले. रुग्ण व त्याचे कुटुंब मिळून शुश्रूषेचा एकच घटक होतो, हे तत्त्व या चळवळीने रूढ केले. माँट्रिऑलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात सूझन मन्रो यांनी याच धर्तीवर संगीतोपचार केला व बॅल्फोर मौंट यांच्यासह त्याचे विवेचन १९७८ मध्ये प्रसिद्ध केले.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची भाषा क्षीण झाली, तरी परिचित गीते त्यास पुष्कळदा आठवतात. त्यामुळे पती-पत्नी किंवा माता-कन्या यांच्यातील संवादाचा एक मार्ग खुला राहतो. या जाणिवेतून इंग्लंडमध्ये २००३ पासून रुग्ण व आप्त यांचे एकत्रित गायनवर्ग भरू लागले. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, जर्मनी, नॉर्वे व पोलंड या देशांत आप्तांनाच घरी संगीत योजण्याचे शिक्षण देऊन एक मोठी चाचणी घेण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार रुग्णांच्या वर्तनलक्षणांत, नेहमीच्या शुश्रूषेच्या तुलनेने, लक्षणीय फरक आढळला नाही.

आप्तांवर उपचारकाची आणखी एक जबाबदारी सोपविणे आणि त्यांना स्वतःसाठी विसावा मिळवून देणे, या गोष्टी भिन्न आहेत. प्रत्यक्ष मदत, पुरेशी विश्रांती व वैद्यकीय सल्ला यांना संगीत पूरक ठरते. त्यांची जागा ते घेऊ शकत नाही.