होळकरांची ड्यूसेनबर्ग : एका फर्माईशी गाडीची कुळकथा

होळकर हे नाव परभणीकराला औंढ्याच्या नागनाथामुळे ठाऊक असतं. 1999 साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत औंढा परभणी जिल्ह्यातच होतं, आणि तिथल्या जुन्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनी केला, हे या भागात सगळेच सांगतात. त्याच घराण्यातले इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी 1930 च्या दशकात स्वतःसाठी एक स्पोर्ट्स कार घडवून घेतली. ड्यूसेनबर्ग एसजे स्पीडस्टर : लांबलचक बॉनेट, नारिंगी-काळा रंग, दोघांपुरती बैठक. मोटारींच्या जगात ती आजही 'इंदूरच्या महाराजांची गाडी' म्हणूनच ओळखली जाते.

तिचं कूळ समजून घ्यायचं तर आधी त्या काळची रीत पाहावी लागते. महागडी मोटार तेव्हा पूर्ण तयार विकत मिळत नसे. कारखाना चाकं, इंजिन आणि खालचा सांगाडा, म्हणजे चेसिस, एवढंच देई. त्यावर अंग चढवायचं काम वेगळ्या कारागिरांचं. मोटारी येण्याआधी हेच लोक बग्ग्या बांधत. लंडनची बार्कर ही पेढी तर 1710 सालची. गिऱ्हाईक आपली फर्माईश सांगे, आराखडा निघे, ॲश लाकडाची चौकट उभी राही आणि हाताने ठोकून वळवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा तिच्यावर बसे. मराठवाड्यात सुतार बाभळीचं चाक घडवी आणि लोहार तापवलेली धाव त्यावर चढवून पाण्याने थंड करी, तशीच ही दोन हुन्नरांची भागीदारी होती.

यशवंतरावांच्या गाडीचं चेसिस अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचं. जर्मनीत जन्मलेल्या फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग या भावांची ही कंपनी शर्यतीच्या मैदानात वाढली. 1921 ची फ्रेंच ग्रां प्री त्यांच्याच गाडीने जिंकली. पुढे कंपनी उद्योगपती ई. एल. कॉर्ड यांच्याकडे गेली आणि 1928 मध्ये 'मॉडेल जे' आलं. एका रांगेत आठ सिलिंडर, 6.9 लिटरचं इंजिन, 265 अश्वशक्ती. 1932 मध्ये त्याला सुपरचार्जर जोडला गेला. हा पंखा इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतो, त्यामुळे ताकद 320 अश्वशक्तीवर गेली. हीच एसजे. त्याच वर्षी फ्रेड एसजे चालवत असताना अपघातात सापडले आणि त्यातच गेले.

अंग घडलं लंडनच्या चेल्सी भागातल्या गर्नी नटिंग या पेढीत. तिचे आराखडाकार ए. एफ. मॅकनील लांब, निमुळत्या रेषांसाठी नावाजलेले होते. पुढचा बहुतेक सगळा भाग इंजिनाला आणि मागची उतरती शेपूट डौलाला, अशी त्यांनी या गाडीची मांडणी केली. एवढ्या मोठ्या चेसिसवर फक्त दोन माणसांची जागा ठेवायची, यात फर्माईश करणाऱ्याचीही नजर दिसते. यशवंतराव ऑक्सफर्डला शिकलेले. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी इंदुरात माणिकबाग महाल बांधून घेतला, शिल्पकार ब्रांकुसीची शिल्पं विकत घेतली. नव्या काळाची कला ती घडत असतानाच ओळखणारा हा राजा होता.

फर्माईशी गाड्यांची ती रीत मात्र पुढे फार टिकली नाही. 1937 मध्ये ड्यूसेनबर्गचा कारखाना बंद पडला. महायुद्धानंतर चेसिस आणि अंग एकसंध दाबून काढणाऱ्या यंत्रांचा जमाना आला, तेव्हा पत्रा ठोकणाऱ्या हातांना काम उरलं नाही. गर्नी नटिंगही संपली. 1948 मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि संस्थानिकांच्या फर्माईशीही थांबल्या. गाडी अमेरिकेत संग्राहकांकडे पोचली. तिथे ती नव्यासारखी राखली आहे, हे चांगलंच झालं.

पण याच घराण्याची दुसरी एक फर्माईश पाहा. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर आणून वसवले आणि त्यांच्या मागांना काम दिलं. राजाश्रय गेल्यावर ते मागही थंडावत चालले होते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस यशवंतरावांचे चिरंजीव रिचर्ड होळकर आणि त्यांच्या पत्नी सॅली यांनी 'रेहवा' संस्था काढून विणकरांना पुन्हा काम मिळवून दिलं. महेश्वरी साडी आज नव्याने विणली जाते, विकली जाते, नेसली जाते.

गाडी जपता आली, कारण कुणीतरी ती विकत घेऊन ठेवली. विणकाम जगलं, कारण कुणीतरी नवं काम सांगितलं. परभणीच्या खेड्यांत ट्रॅक्टर आणि रबरी टायर आल्यापासून लाकडी चाकाला मागणी राहिलेली नाही. जुनं चाक हॉटेलच्या दारात शोभेला टेकवल्याने चाक वाचतं. सुतार वाचायचा असेल तर त्याला नवी ऑर्डर द्यावी लागेल, मग ती खाटेची असो, झोपाळ्याची असो की दाराच्या चौकटीची.