वाळू-गोट्यांच्या खाणीची आंखणी व इतिहासाचा पुरावा

सिकता व शर्करा या दोन शब्दांची गांठ पाणिनीनें एकाच सूत्रांत घातली आहे, आणि वाळू अगर बारीक खडे विपुल असलेल्या प्रदेशास सिकतिल, शर्करिल हीं नांवें पुढील सूत्रानें साधतात. (शर्करा म्हणजे मूळचे खडेच, साखर हा अर्थ मागाहूनचा.) कौटिल्यानें आकराध्यक्ष नेमिला, पण त्याची दृष्टि धातु व रत्नें यांवर. वाळू-गोट्यांची खाण हलकी समजण्याची रीत जुनीच दिसते. तथापि मनुष्याच्या प्राचीनत्वाचा निवाडा झाला तो याच हलक्या खाणींत.

अशी खाण चालविण्याची आंखणी साधी आहे. वरची माती काढून वेगळी ठेवावी. मग पायऱ्यापायऱ्यांनीं खालीं उतरत, उभा कडा मागें मागें सारीत जावें. चाळणीनें वाळू व गोटे निराळे करावे. शेवटीं खड्डा बुजवावा. खाणवाल्यास हा कडा म्हणजे आजचें काम. संशोधकास मात्र तो दस्तऐवज असतो, कारण कोणता थर कोणाच्या वर हें तेथेंच दिसतें. २७ एप्रिल १८५९ रोजीं प्रेस्टविच व इव्हान्स यांनीं फ्रान्समधील सेंट-आशूल येथें कड्यांत रुतलेली दगडी कुऱ्हाड जागच्या जागीं पाहिली व तिचें छायाचित्र घेवविलें. हातीं आलेल्या शेंकडों कुऱ्हाडींहून त्या एका कुऱ्हाडीचें मोल अधिक ठरलें.

चार वर्षांनीं याच्या उलट प्रकार घडला. आबव्हिल येथील बूशे द पेर्थ यांनीं मानवी हाड सांपडविणाऱ्या मजुरास बक्षीस लाविलें होतें. मार्च १८६३ मध्यें मूलँ-किन्यों खाणींतून जबड्याचें हाड निघालें. मे महिन्यांत फ्रेंच व इंग्रज विद्वानांची परिषद भरून तें खरें म्हणून मान्यही झालें! इव्हान्स यांचें समाधान झालें नाहीं. त्यांनीं हेन्री कीपिंग या अनुभवी संग्राहकास पाठविलें; मजूर कड्यांत हत्यारें खुपसून ठेवितात असें त्यास आढळलें. आम्ही मजुरांस फारसा दोष देत नाहीं. बक्षीस लावणाराने कड्यावर नजर ठेवावयास नको काय?

त्याच वर्षीं, ३० मे रोजीं, रॉबर्ट ब्रूस फूट यांस मद्रासजवळील पल्लावरम् येथें खडीच्या एका लहान खाणीच्या उपशांत पुराणाश्मयुगीन हत्यार मिळालें. म्हणजे तेंही थरापासून सुटलेलेंच. पण फूट तेवढ्यावर थांबले नाहींत. सप्टेंबरांत ते व विल्यम किंग अत्तिरम्पाक्कम् येथें गेले आणि तेथें गोट्यांच्या थराशीं संबंध जुळला. पल्लावरम्‌चा दगड आज निःशंक मानिला जातो तो या दुसऱ्या श्रमामुळें, असें आमचें मत आहे.

आमच्या प्रांतीं प्रवरेकांठीं नेवाशाजवळ चिरकी येथें गुद्रुन कोर्व्हिनस यांनीं १९६६ ते १९६९ पर्यंत खणून असेच गोट्यांचे थर तपासले. तेथें कुदळ चालविणारा व टिपून घेणारा एकत्र होते. यंत्राच्या तोंडीं सांपडलेल्या कड्याची गोष्ट निराळी. दहा माणसांचें काम घटकेंत उरकतें व पाहणारा डोळा उरत नाहीं. २७ फेब्रुवारी १९१२ च्या शतकोत्तर दिवशीं, म्हणजे २०१२ सालीं, सर्वोच्च न्यायालयानें पांच हेक्टरांहून लहान गौण खनिजांच्या पट्ट्यांसही पर्यावरणाची पूर्वसंमति आवश्यक ठरविली. नदीच्या पाण्याचा विचार आंखणींत शिरला, हें उत्तम झालें. थरांचाही शिरावा. जुन्या नदीकांठच्या खाणींत कड्याची एक हातभर रुंद पट्टी शेवटपर्यंत न तोडतां राखावी, व तोडण्यापूर्वीं जवळच्या महाविद्यालयास कळवावें, इतकेंच आमचें मागणें आहे.