फोर्टमधील संत पेत्राचे आर्मेनियन चर्च

पनवेलहून हार्बर मार्गाने मुंबई गाठून फोर्टमध्ये नोकरीस जाणाऱ्या आपल्या भाविकांना नगिनदास मास्टर मार्ग परिचित आहे. हाच पूर्वीचा मेडोज स्ट्रीट. येथे आर्मेनियन व्यापाऱ्यांनी १७९६ साली संत पेत्राच्या नावाने चर्च उभारले. त्याची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

आर्मेनियाने परंपरेनुसार इ. स. ३०१ मध्ये ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला. राजा तिरिदातेस यांना संत ग्रेगरी यांनी स्नानसंस्कार दिला. पुढे ४५१ च्या खाल्सेदोन धर्मपरिषदेचा ख्रिस्ताच्या दोन स्वभावांविषयीचा निर्णय या ख्रिस्तसभेने मान्य केला नाही. कॉप्टिक, इथिओपियन व सिरियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभांचीही भूमिका तीच होती. म्हणून या साऱ्यांची गणना ग्रीक अथवा रशियन ऑर्थोडॉक्सांहून वेगळी, 'पौर्वात्य ऑर्थोडॉक्स' अशी होते.

हे लोक भारतात आले ते व्यापारानिमित्त. १६८८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने खोजा फानूस कलंदर यांच्याशी करार केला. कंपनीच्या एखाद्या नगरात ४० आर्मेनियन वसल्यास त्यांना चर्चसाठी जागा व लाकडी मंदिर द्यावे, तसेच त्यांच्या धर्मगुरूस सात वर्षे दरसाल ५० पौंड द्यावेत, असे त्यात ठरले. कोलकात्याचे चर्च १७२४ चे, चेन्नईचे १७७२ चे. सुरतेचा व्यापार ओसरून मुंबईची भरभराट होऊ लागली, तसे आर्मेनियन येथेही स्थिरावले.

कालांतराने मुंबईतील हा समाज जवळजवळ नाहीसा झाला. विसाव्या शतकात जुनी वास्तू उतरवून नवी बांधण्यात आली. परंतु वेदीवरील दिवा विझला नाही. सिरियन ऑर्थोडॉक्स परंपरेच्या भाविकांनी येथे उपासना चालू ठेवली. दोन्ही ख्रिस्तसभा परस्परांच्या सहभागितेत असल्याने हे साधले.

आम्हा कॅथलिकांशीही हे नाते जवळचे आहे. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे व कॅथलिकोस कारेकिन पहिले यांनी प्रभू येशूविषयीची समान श्रद्धा संयुक्त निवेदनाद्वारे प्रकट केली. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आर्मेनियन संत नारेकचे ग्रेगरी यांना 'ख्रिस्तसभेचे पंडित' घोषित केले.

बांधणारे निघून गेले, तरी प्रार्थना करणारे उरले म्हणून मंदिर जिवंत राहिले. आपल्या गावोगावच्या जुन्या चर्चचा विचार करताना हे ध्यानी असावे, असे आम्हांस वाटते.