कागदी पट्टीपासून

जून 1975. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे एका हॉटेलात अल्टेअर 8800 या नव्या घरगुती संगणकाचं प्रात्यक्षिक चाललं होतं. तिथून भोकं पाडलेल्या कागदी पट्टीची एक गुंडाळी कुणीतरी उचलली. पट्टीवर बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी लिहिलेला, बेसिक ही संगणकभाषा चालवणारा प्रोग्राम होता. डॅन सोकोल या अभियंत्याने पंचिंग यंत्रावर तिच्या डझनावारी प्रती काढल्या आणि हौशी संगणकप्रेमींच्या होमब्रू कम्प्युटर क्लबच्या बैठकीत वाटल्या. अट एकच: पुढच्या वेळी नेल्यापेक्षा जास्त प्रती आणायच्या.

घरगुती संगणकावरच्या पायरसीचं मूळ शोधत गेलं की या गुंडाळीपाशी यावं लागतं. पण तिला नुसती चोरी म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. प्रोग्राम यंत्रासोबत मिळायचाच, ही तेव्हाची जुनी रीत. आयबीएमने त्याची वेगळी किंमत लावायचं ठरवलं ते 1969 मध्ये. अल्टेअरचं किट सुरुवातीला 397 डॉलरला, आणि सुटं बेसिक 500 डॉलरला! मेमरी बोर्डांसोबत घेतलं तर बरंच स्वस्त. पण ते बोर्ड धड चालत नसत. म्हणजे चांगल्या प्रोग्रामसाठी बिघडका बोर्ड गळ्यात बांधून घ्यायचा.

फेब्रुवारी 1976 मध्ये वीस वर्षांच्या गेट्सने या हौशी मंडळींना जाहीर पत्र लिहून सरळ चोर ठरवलं. बेसिक विकत घेणारे 10 टक्केही नाहीत, कष्टाचे तासाला 2 डॉलरसुद्धा सुटत नाहीत, ही त्याची तक्रार. ती खरीच होती. टॉम पिटमन या प्रोग्रामरने मात्र आपलं टायनी बेसिक 5 डॉलरला विकायला काढलं, आणि मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं.

पुढे फ्लॉपी आली, सीडी आली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कम्प्युटर जोडून घेताना गिऱ्हाईक सहज म्हणे, ‘विंडोज, ऑफिस टाकून द्या.’ हिशेब यंत्राचाच; 1969 आधीची समजूत इथे शाबूत होती.

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बीएसए या संघटनेच्या पाहणीत 2017 साली जगभरातलं 37 टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना निघालं, भारतात 56 टक्के. हे आकडे विकणाऱ्यांचे, तरी आधीच्या पाहणीपेक्षा उतरलेले. त्याआधीच, 2013 मध्ये, ॲडोबीने एकरकमी विक्रीऐवजी मासिक वर्गणीची वाट धरली. छोट्या डीटीपीवाल्याला तीही जड जाते. कित्येकांच्या मशीनवर अजून ॲडोबीचं जुनं पेजमेकरच चालतं.