रिक कोसिक

रिक कोसिक हे अमेरिकन छायाचित्रकार व कॅमेरामन आहेत. १९९० च्या दशकात ‘बिग ब्रदर’ या स्केटबोर्डिंगविषयक नियतकालिकाचे छायाचित्रकार म्हणून आणि त्यानंतर ‘जॅकॲस’ ही दूरचित्रवाणी मालिका व त्याच नावाची चित्रपटमालिका यांचे कॅमेरामन म्हणून ते ओळखले जातात. जिवावर बेतू शकणारे स्टंट आणि आचरट खोड्या यांतून विनोद साधणाऱ्या ‘जॅकॲस’ची दृश्यशैली चित्रपटसृष्टीत घडलेली नाही. ती रस्त्यावरील स्केटबोर्डिंगच्या छायाचित्रणातून आली आहे. कोसिक यांची कारकीर्द हे या वाटचालीचे ठळक उदाहरण होय.

पार्श्वभूमी

चार चाके लावलेल्या फळीवर उभे राहून केलेल्या कसरती, म्हणजेच स्केटबोर्डिंग, हा खेळ विसाव्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियात रुजला. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथून ‘थ्रॅशर’ आणि १९८३ मध्ये ‘ट्रान्सवर्ल्ड स्केटबोर्डिंग’ ही नियतकालिके निघाली. या खेळात स्पर्धेतील पदकांपेक्षा मासिकात छापून आलेल्या छायाचित्राला अधिक मान होता. त्यामुळे खेळाडूची कीर्ती बरीचशी छायाचित्रकाराच्या हाती असे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस हा खेळ लाकडी उतारांवरून रस्त्यावर आला. सार्वजनिक इमारतींच्या पायऱ्या, लोखंडी कठडे आणि बाके हीच मैदाने झाली. छायाचित्रकार बहुधा ‘फिशआय’ हे अतिविस्तृत कोनाचे भिंग वापरीत. या भिंगातून दूरची वस्तू फारच लहान दिसते, म्हणून छायाचित्रकाराला खेळाडूपासून हातभर अंतरावर, जमिनीलगत बसावे लागे. सुटलेली फळी कॅमेऱ्यावर वा कपाळावर आदळणे हा या कामाचा नित्याचा धोका होता. फिल्मच्या एका रोळात साधारण ३६ चित्रे मावत आणि ती धुऊन होईपर्यंत हाती काय लागले ते कळत नसे. त्यामुळे नेमका क्षण आधीच ओळखण्याची सवय अंगी बाणवावी लागे.

या क्षेत्रात एक अलिखित दंडकही होता. ज्या प्रयत्नात खेळाडू कसरत पूर्ण करून फळीवर सुखरूप उतरला, त्याचेच छायाचित्र खरे मानले जाई. हवेतील चित्र कितीही देखणे असले, तरी शेवटी खेळाडू पडला असेल, तर ते छापणे अप्रामाणिकपणाचे समजत. एका यशस्वी चित्रामागे अनेकदा पडण्याचे कितीतरी प्रसंग असत. ते सर्व छायाचित्रकार पाहत असे, वाचक मात्र क्वचितच पाही.

‘बिग ब्रदर’मधील काळ

‘वर्ल्ड इंडस्ट्रीज’ या स्केटबोर्ड कंपनीचे प्रमुख स्टीव्ह रॉको यांच्या काही जाहिराती प्रस्थापित नियतकालिकाने नाकारल्या, तेव्हा रॉको यांनी १९९२ मध्ये स्वतःचेच ‘बिग ब्रदर’ हे नियतकालिक सुरू केले. उपहास, अश्लीलतेकडे झुकणारा विनोद आणि स्वतःचीच टर उडवण्याची वृत्ती ही त्याची ओळख होती. जेफ ट्रमेन यांनी त्याच्या मांडणीची व पुढे संपादनाची धुरा सांभाळली. कोसिक हे या नियतकालिकाच्या प्रमुख छायाचित्रकारांपैकी एक होते. पुढे ‘जॅकॲस’चे छायालेखक झालेले दिमित्री एल्याश्केविच आणि कलाकार झालेले क्रिस पाँटियस हेही येथेच काम करीत. १९९७ मध्ये हे नियतकालिक लॅरी फ्लिंट यांच्या प्रकाशनसंस्थेने विकत घेतले आणि २००४ मध्ये ते बंद पडले.

या छोट्या कार्यालयात लेखक, छायाचित्रकार आणि छायाचित्राचा विषय यांच्यातील सीमारेषा पुसट होती. कसरतींच्या चित्रांइतकीच कार्यालयातील मंडळींच्या उचापतींची चित्रेही छापली जात. नियतकालिकाने १९९६ पासून काढलेल्या चित्रफितींतही हेच मिश्रण होते. त्यांपैकी १९९८ च्या ‘नंबर टू’ या चित्रफितीत जॉनी नॉक्सविल या होतकरू अभिनेत्याने स्वसंरक्षणाच्या साधनांची स्वतःवरच चाचणी घेतली. त्याने मिरपुडीचा फवारा आणि विजेचा झटका देणारी उपकरणे स्वतःवर चालवून घेतली. शेवटी गोळीरोधक अंगरखा घालून स्वतःवर पिस्तुलाची गोळीही झाडली. हा प्रसंग पुढे ‘जॅकॲस’चे बीज ठरला.

‘जॅकॲस’

ट्रमेन, नॉक्सविल आणि दिग्दर्शक स्पाइक जोन्झ यांनी या सामग्रीवरून दूरचित्रवाणी मालिकेची कल्पना मांडली. जोन्झ यांची सुरुवातही सायकल कसरती व स्केटबोर्डिंगच्या छायाचित्रणातून झाली होती. पेन्सिल्व्हेनियातील स्केटबोर्डपटू बॅम मार्जेरा आणि त्यांचे मित्र याच सुमारास ‘सीकेवाय’ या चित्रफिती काढीत होते. तेही या चमूत सामील झाले. १ ऑक्टोबर २००० रोजी एमटीव्ही वाहिनीवर मालिकेचा पहिला भाग प्रसारित झाला. कोसिक, एल्याश्केविच आणि लान्स बँग्स हे कॅमेऱ्यामागील परिचित चेहरे ठरले.

तीन पर्वांनंतर २००२ मध्ये ‘जॅकॲस : द मूव्ही’ हा चित्रपट आला. सुमारे ५० लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने सुमारे ७.९ कोटी डॉलरची कमाई केली. त्यानंतर ‘जॅकॲस नंबर टू’ (२००६), ‘जॅकॲस ३डी’ (२०१०) आणि ‘जॅकॲस फॉरेव्हर’ (२०२२) हे मुख्य चित्रपट निघाले. दरम्यान, पाँटियस व स्टीव्ह-ओ यांच्या ‘वाइल्डबॉइझ’ (२००३–२००६) या वन्यजीवनविषयक विडंबन मालिकेसाठीही कोसिक यांनी चित्रण केले.

चित्रणपद्धती

स्केटबोर्डिंगच्या छायाचित्रणातील सवयी ‘जॅकॲस’मध्ये जवळजवळ तशाच उतरल्या. हातात धरण्याजोगे लहान डिजिटल व्हिडिओ कॅमेरे, जमिनीलगतचा कोन, रुंद भिंग आणि घटनेच्या अगदी निकट उभे राहणे ही त्यांची लक्षणे होत. स्टंट बहुधा पुन्हा करता येत नसे, त्यामुळे एकाच प्रसंगाचे चित्रण अनेक कॅमेऱ्यांनी होई. कॅमेरामन एकमेकांच्या चौकटीत आले, तरी ती दृश्ये वगळली जात नसत. ‘जॅकॲस ३डी’मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्यांचा वापर झाला आणि क्षणार्धाचा आघात संथ गतीने दाखवता आला. त्यातही नेमका क्षण हेरण्याचे जुने कसब होतेच.

एक बाब मात्र उलटली. स्केटबोर्डिंगच्या छायाचित्रात सुखरूप उतरणे हा कळस होता, ‘जॅकॲस’मध्ये पडणे हाच कळस ठरला. पूर्वी बाजूला पडणारी चित्रे आता मुख्य आशय बनली.

या शैलीत कॅमेरामन केवळ साक्षीदार राहत नाही. कोसिक स्वतः पडद्यावर दिसतात, कलाकारांशी बोलतात आणि खोड्यांचे लक्ष्यही होतात. किळसवाण्या प्रसंगांचे चित्रण करताना बँग्स यांना होणारी ओकारी हा तर मालिकेतील ठरलेला विनोद झाला. चित्रण करणाऱ्याची भीती, किळस व हसू यांमुळे समोरची घटना बनावट नाही याची प्रेक्षकाला खात्री पटते.

टीका

मालिकेच्या अनुकरणामुळे अल्पवयीन मुलांना इजा झाल्याचा आरोप झाला. २००१ मध्ये कनेक्टिकट राज्यातील एक १३ वर्षांचा मुलगा अंगावर आग घेण्याच्या एका स्टंटचे अनुकरण करताना गंभीररीत्या भाजला. त्यानंतर त्याच राज्याचे सिनेटर जो लिबरमन यांनी वाहिनीवर कडक टीका केली. कार्यक्रमात अनुकरण न करण्याची सूचना दाखवली जाई आणि प्रेक्षकांनी पाठवलेल्या चित्रफिती स्वीकारल्या जाणार नाहीत, असेही सांगितले जाई. धोका पत्करणारा मित्र समोर असताना चित्रण चालू ठेवावे की त्याला थांबवावे, हा प्रश्न कॅमेरामनच्या भूमिकेशीही निगडित आहे. स्केटबोर्डिंगमध्ये तो पूर्वीपासून होता. तेथे मात्र खेळाडूचे कौशल्य हा एक आधार असे. स्टंट-विनोदात तो आधार उरत नाही.

महत्त्व

‘बिग ब्रदर’चा इतिहास २०१७ च्या ‘डंब : द स्टोरी ऑफ बिग ब्रदर मॅगझिन’ या माहितीपटात मांडला आहे. मित्रांच्या लहानशा गटाने हलक्या कॅमेऱ्याने एकमेकांचे चित्रण करावे, ही रीत पुढे इंटरनेटवरील चित्रफितींत सर्वत्र पसरली. त्यापूर्वी तिला दूरचित्रवाणी व चित्रपटगृहांपर्यंत पोहोचवणाऱ्यांमध्ये नॉक्सविल यांच्यासारख्या कलाकारांबरोबरच कोसिक आणि त्यांच्या सहकारी छायाचित्रकारांचाही वाटा आहे.