हाताला मुंग्या, मनगटात दबलेली नस : ऑपरेशनआधी हे माहीत असू द्या

बिदर/कलबुर्गी : रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद भागात बरेच जण ‘वात असेल’ म्हणत तेल चोळत वर्षं काढतात. निदान होतं तेव्हा डॉक्टर थेट ऑपरेशनचं बोलतात आणि घर घाबरतं.

काय होतं? : मनगटात हाडं आणि एक जाड पट्टी यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणारे 9 स्नायुबंध आणि ‘मीडियन’ नस जाते. जागा कमी पडली की नस दबते. हाच कार्पल टनेल सिंड्रोम. सतत हाताचं काम, मधुमेह, थायरॉईड कमी असणं, गरोदरपण ही नेहमीची कारणं.

ओळख : अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. करंगळी मात्र सुटते. करंगळीच बधिर असेल तर दुखणं कोपरात किंवा मानेत असू शकतं. खात्रीसाठी ‘एनसीव्ही’ तपासणी करतात, त्यात नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ते मोजतात.

उपचार : सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, गरज पडल्यास स्टिरॉईडचं इंजेक्शन. बधिरपणा कायम राहिला, हातातून वस्तू पडू लागल्या किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसला, तर टाळाटाळ नको. वाळलेला स्नायू पूर्ण भरून येईलच असं नाही.

ऑपरेशन : ती जाड पट्टी कापून नसेला जागा करून देतात. बहुधा फक्त हात बधिर करून होतं आणि त्याच दिवशी घरी सोडतात. रात्रीच्या मुंग्या लवकर थांबतात, पकड यायला मात्र काही आठवडे ते महिने लागतात. पेरणी-राशीचे दिवस बघून तारीख ठरवा, पण फार लांबवू नका.

कागदपत्रं : आधी बिदरच्या ‘ब्रिम्स’ किंवा कलबुर्गीच्या ‘गिम्स’ या सरकारी रुग्णालयात दाखवा. आयुष्मान कार्ड असेल तर हे ऑपरेशन योजनेत बसतं का, रेफरल लागतं का, हे भरती होण्याआधीच विचारा. सोलापूर, लातूर, हैदराबादला जाणार असाल तर तिथं कार्ड चालेल का तेही विचारा आणि एनसीव्हीचा मूळ रिपोर्ट सोबत न्या. संमतीपत्र कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल, तर समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. तो तुमचा हक्क आहे.