चार इंची जोडाचा इतिहास

सोसायटीच्या स्थापनेचा इतिहास लिहायला आपले माजी अध्यक्ष आहेतच. मला संपादक मंडळाने 'इमारतीबद्दल काहीतरी द्या' एवढंच सांगितलं. तेव्हा मी संडासाबद्दल लिहितो. मंगल प्रसंगी हा विषय काढला म्हणून रागावू नका. पंचवीस वर्षांत आपल्या सभांमध्ये गळतीइतकी चर्चा दुसऱ्या कशावर झाली असेल असं मला वाटत नाही.

माझं लहानपण वाड्यात गेलं. संडास मागच्या बोळाकडे, टोपलीचा. पहाटे एक बाई यायची आणि मैला डोक्यावरून घेऊन जायची. तिचं नाव आम्हा कोणालाच माहीत नव्हतं, विचारावंसंही कधी वाटलं नाही. ही प्रथा बंद करणारा केंद्राचा कायदा १९९३ साली झाला. म्हणजे मी बँकेत ऑफिसर होऊन बसलो होतो तोवर! या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा तिचं काम चार इंची पाइप करत होता.

त्या पाइपचं मर्म ट्रॅपमध्ये आहे. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली त्याचं पेटंट घेतलं. एस अक्षरासारख्या वळणात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि खालची दुर्गंधी वर येऊ देत नाही. कमोडच्या तळाशी दिसतं ते पाणी हेच. बाथरूमच्या जाळीखाली असतो तो 'नहाणी ट्रॅप', आपल्या न्हाणीशी नातं सांगणारा.

आता आपल्या इमारतीकडे येतो. इथे बिडाचे पाइप आहेत. बिडाचा जोड नीट करायचा तर आधी ताग ठासतात, वर वितळवलेलं शिसं ओततात आणि ते ठोकून बसवतात. काम खर्चिक आणि वेळखाऊ, म्हणून पुष्कळ ठिकाणी नुसतं सिमेंट भरून भागवतात. सिमेंटला लवचीकपणा नाही. कधी ना कधी केसाएवढी चीर पडतेच.

माझ्या खालच्या वहिनींच्या छताला ओल आली तेव्हा मी सेक्रेटरी होतो. उपविधीप्रमाणे पावसाची आणि सामाईक लाइनची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते, घरातल्या संडास-बाथरूमची ज्याची त्याने करायची. मी तक्रारीवर 'पावसाची गळती' असा शेरा मारला. बाहेरची भिंत सोसायटीच्या पैशाने दोनदा दुरुस्त झाली. "अहो भाऊ, मे महिन्यातही ठिबकतंय," असं वहिनी म्हणाल्या, तरी मी ते बँकेच्या भाषेत सस्पेन्स खात्यात टाकलं. असे तीन पावसाळे गेले.

गेल्या वर्षी मुलाने बाथरूम नवं करायला काढलं. कमोड उचलला, लादी फोडली, कोबा खणला, तर आतली वीटभर भर चिंब ओली. कमोडचा जोड नुसत्या सिमेंटचा होता आणि गोल चिरला होता. प्लंबर काही बोलला नाही, फक्त बॅटरी माझ्या हातात दिली. मी खाली वाकून बघितलं. सेक्रेटरीने लिहिलेला शेरा खोटा निघाला होता.

जुना तुकडा डक्टमधल्या उभ्या लाइनपर्यंत काढला. बिडाच्या तोंडातला गंज खरवडला, नवा पीव्हीसी पाइप उतार धरून बसवला, मग वॉटरप्रूफिंग. त्यावर दोन दिवस पाणी साचवून ठेवलं. मी सकाळ-संध्याकाळ वहिनींकडे जाऊन छत बघत होतो. त्यांनी चहा दिला. तीन वर्षं ठेवलेली बादली मात्र तिथून हलवली नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही ती कोरडीच होती.

त्यांच्या छताचा खर्च मी दिला. भिंतीच्या दोन्ही दुरुस्त्यांची रक्कम माझ्या नावे टाका, असं पत्र कमिटीला दिलं आहे. "काका, जाऊ द्या आता," असं उत्तर तोंडी मिळालं. मला ते लेखी हवं आहे, नाहीतर मागणी-बिल हवं आहे. आणि हो, माझ्याच काळातले सिमेंटचे जोड बाकीच्या घरांतही असतील. लादी बदलायला काढाल तेव्हा कमोड उचलून बघा.